जिवंत माणसाचा फोटो

ऑर्तेन्सियाचं डोकं फिरलं की तिच्या वाटेला जाऊ नये, हे टेक्सासमधल्या नदीकाठच्या आमच्या मेक्सिकन वस्तीच्या गावात शेंबडं पोरही जाणतं. कॉलेजातल्या बाईंना मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

नवरा चेमा गेला तेव्हा ऑर्तेन्सिया पन्नाशीला टेकली होती. शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी सांभाळून तिने कॉलेजात नाव घातलं. मुख्य विषय हिशेब, आणि जोडविषय कोणता? तर स्पॅनिश भाषा नि संस्कृती! सगळं गाव हसलं. तिची मैत्रीण चोले तर तोंडावर म्हणाली, "अगं, घरात दिवसभर तेच बोलतेस, तेच रांधतेस. त्याची फी भरायची? वेडी की खुळी!"

"हीच भाषा शाळेत बोलली म्हणून माझ्या आईने छड्या खाल्ल्या," ऑर्तेन्सिया फणकारली. "आता तीच माणसं तिचं प्रमाणपत्र देतात. मला ते हवंय. आईच्या फोटोशेजारी टांगणार आहे."

दोन वर्षं तिने त्या एका कागदासाठी काढली. आता राहिली होती ती मृतांच्या दिवसाची वेदी; त्या दिवशी गेलेली माणसं घरी येतात म्हणून आमच्यात त्यांचे फोटो, फुलं, मेणबत्त्या नि खाणं मांडतात. वर्गाने मिळून मांडायची, प्रत्येकाने आपल्या गेलेल्या माणसाचा फोटो आणायचा, आणि पास-नापास त्यावरच.

चेमाचा धड फोटो एकच. शेजारी त्यांचा रामीरो, तेव्हा दहा-बारा वर्षांचा, बापाची टोपी घालून खिदळतोय. आता तो मालट्रक घेऊन देशभर फिरतो. आमच्यात जिवंत माणसाचा फोटो वेदीवर कुणी ठेवत नाही. ते मरणाला घरचं बोलावणं.

"काप ना कात्रीने," चोले म्हणाली.

"पोराला बापापासून कापू? जीभ झडो तुझी!"

तिने फोटो दुमडला, रामीरो मागे गेला. इथेच चुकली ती. न्यायलाच नको होता. पण चेमाशिवाय वेदी कसली? कॉलेजातल्या त्या व्हिटकॉम्बबाईंच्या हातात देताना तिने बजावलं, "उलगडू नका हं. पोरगा जिवंत आहे माझा."

"हो, हो," बाई गोड हसल्या.

समारंभाच्या संध्याकाळी ऑर्तेन्सिया मक्याच्या पानातल्या तामालेसचं पातेलं घेऊन दारात आली आणि तिथेच थिजली. फोटो उलगडून चौकटीत घातलेला. झेंडूच्या फुलांत रामीरो खिदळत होता आणि त्याच्यापुढे मेणबत्ती जळत होती.

"हे कुणी केलं?"

"मी. अर्धा फोटो बरा दिसेना. बापलेक किती छान दिसतात! सगळे पाहुणे तिथेच थांबतायत."

"बाई, माझा मुलगा आत्ता रस्त्यावर ट्रक चालवतोय!"

"ऑर्तेन्सिया, ही प्रतीकं आहेत. पाहुणे जाईपर्यंत राहू दे. वेदी मोडलीस तर नापास करावं लागेल मला."

प्रतीकं म्हणे! दुसऱ्याचं पोर मेलेल्यांत बसवायला काय जातं?

ऑर्तेन्सियाने चिमटीत मेणबत्ती विझवली आणि चौकट काढून काखेत मारली. मग तरातरा शेजारच्या खोलीत गेली. बाईंच्या टेबलावर त्यांच्या मुलीचा फोटो असे, पुढचे दोन दात पडलेली. तो घेऊन ती वेदीसमोर आली. "जागा रिकामी दिसते. ही ठेवू? हीसुद्धा छान दिसते."

"नको!" बाई इतक्या जोरात किंचाळल्या की पाहुणे वळून बघायला लागले.

"का? प्रतीकच ना?"

ऑर्तेन्सियाने फोटो त्यांच्या हातात दिला. "नसता ठेवला हो मी. लेकरू आहे ते," ती म्हणाली आणि बाहेर पडली.

पायऱ्यांवर बसून तिने रामीरोला फोन लावला. वाजत राहिला, वाजत राहिला. तिने दुसऱ्यांदा लावला.

"काय गं आई? डिझेल भरत होतो. झाली का तुझी परीक्षा?"

"झाली. नापास झाले."

"स्पॅनिशमध्ये? तू?" तो खो खो हसत सुटला.

इतका वेळ दाबून धरलेलं रडू आता तिला आवरेना. हातचं गेलेलं प्रमाणपत्र, आईच्या फोटोशेजारची रिकामीच राहणारी भिंत, सगळं तिने फोन धरलेल्या मुठीत आवळलं होतं.

"हस रे," ती म्हणाली. "अजून हस."