उलटी हजेरी

ती घटना आजही आठवते, ती पडद्यावरच्या एका हिरव्या ठिपक्यामुळे. निवृत्तीच्या वयापर्यंत मी नोकरी केली नाही. पदार्थविज्ञानातील संशोधनासाठी राजीनामा दिला. त्यापूर्वी मी पुणे शहरात नियंत्रण कक्षात पोलीस उपनिरीक्षक होते.

त्या सुमारास आमच्या गाड्यांना इंटरनेटवर चालणारी नवी संदेशप्रणाली मिळाली होती. जुना वायरलेस गाडीत राहिला, पण काम मोबाइलसारख्या नव्या सेटवर चाले. कक्षातील ऑपरेटर एकदा बोलली की शहरभरच्या गाड्या ऐकत. जी गाडी जोडलेली असेल, तिच्या नावापुढे आमच्या पडद्यावर हिरवा ठिपका दिसे.

खबर दिली वाघोलीच्या एका गॅरेजमालकाने. "मॅडम, अपघाताचा फोन मी फक्त तुम्हाला केला. तुमची गाडी यायच्या आत खासगी ॲम्ब्युलन्स हजर. त्यांना काय स्वप्न पडलं?" त्या ॲम्ब्युलन्सने जवळचे रुग्णालय सोडून जखमीला आपल्या ओळखीच्या, दूरच्या रुग्णालयात नेले होते. उपचाराला उशीर झाला आणि त्याचा पाय कापावा लागला.

मागचे कॉल तपासले तेव्हा असे आणखी प्रकार निघाले. बहुतेक एकाच ऑपरेटरच्या पाळीतले. तिची नोकरी कंत्राटी होती. फितुरीचा शेरा एकदा पडला असता तर दुसरीकडे कोणी उभे केले नसते. वरिष्ठांनी माझ्याकडे संध्याकाळपर्यंत अहवाल मागितला आणि तिची चौकशी माझ्यासमोरच सुरू केली.

"बाई, बाहेर कोणाला कळवता?"

"साहेब, मोबाइल दारावर जमा करून मी आत येते. कबुतरं पाळायची परवानगी अजून मिळालेली नाही."

साहेबांना हे उत्तर रुचले नाही. मला रुचले नव्हते ते आमचे अनुमान. अपघात संध्याकाळच्या गर्दीत जास्त होतात आणि संध्याकाळची पाळी तिचीच होती. एवढ्यावरून तिचा दोष सिद्ध होत नव्हता.

ॲम्ब्युलन्सचालकाला बोलावले. प्रत्येक प्रश्नाला त्याचे एकच उत्तर होते: "योगायोग, मॅडम." मग मी गॅरेजमालकाला पुन्हा फोन लावून ॲम्ब्युलन्स कोणत्या बाजूने आली, ते विचारले. तो म्हणाला, "आधी मंगल कार्यालयासमोर थांबली. मग वळून माझ्याकडे आली."

मी त्या कॉलचे ध्वनिमुद्रण काढले. ऑपरेटरने आधी चुकून मंगल कार्यालय सांगितले होते आणि लगेच दुरुस्ती करून गॅरेजचे नाव घेतले होते. ॲम्ब्युलन्स नेमकी तशीच वळली होती. तिने गुपचूप निरोप दिला असता, तर दुरुस्त केलेला पत्ताच दिला असता. म्हणजे चालकाला कोणी कळवत नव्हते; आमच्या गाड्यांबरोबर तो स्वतःच ऐकत होता.

पण कोणत्या सेटवर? रोज सकाळी आम्ही वायरलेसवर गाड्यांची हजेरी घेत असू. त्या दिवशी दुपारी ती पुन्हा, पण उलटी घेतली. नव्या प्रणालीवर सूचना दिली असती तर चोरून ऐकणाराही सावध झाला असता, म्हणून जुन्या वायरलेसवरून सांगितले, "सर्व गाड्यांनी नवे सेट बंद करावेत. पुढील आदेशापर्यंत वायरलेसवर राहावे." ठिपके एकेक करून विझले. धायरीच्या गाडीचा तेवढा विझला नाही.

त्या गाडीच्या हवालदारांना बोलावले. त्यांनी बंद सेट टेबलावर ठेवला. "हा बघा, मॅडम. बंद आहे."

"मग तुमच्या नावाने कोण ऐकतंय, काका?"

त्यांनी सेट उचलून उलटसुलट करून पाहिला. मग सगळे सांगितले. मूळ सरकारी सेट हातातून पडून फुटला होता. कळवले असते तर लेखी खुलासा मागितला गेला असता. म्हणून त्यांनी पदरमोड करून तसाच दुसरा घेतला, त्यावर आपल्या गाडीचेच खाते सुरू केले आणि फुटका दुरुस्तीवाल्याकडे सोडून दिला.

"जुना वायरलेस बंद केला की बंदच व्हायचा हो," ते म्हणाले. नव्या प्रणालीत एकच खाते दोन सेटवर चालू शकते, हे त्यांना ठाऊक नव्हते. आणि आम्ही ते कोणालाच सांगितले नव्हते.

फुटकी काच बदललेला तो सेट त्याच ॲम्ब्युलन्समध्ये सापडला. दुरुस्तीवाला चालकाचा मेहुणा निघाला. त्यानंतर चालकाने योगायोगाचे नाव काढले नाही.

संध्याकाळी अहवाल दिला. ऑपरेटरवरील संशय लेखी दूर झाला, कंत्राट कायम राहिले. ज्याचा पाय गेला, त्याला मात्र आमच्या अहवालाचा काही उपयोग नव्हता.

खरे सांगायचे तर तपास सुरू केला तेव्हा मी एखाद्या हुशार घुसखोराच्या शोधात होते. सापडला तो खुलाशाला घाबरलेला एक प्रामाणिक हवालदार. चूक कबूल करणे जिथे महाग पडते, तिथे माणसे ती स्वखर्चाने लपवतात. पुढे माझ्या अहवालावरून फुटलेला सेट बिनचौकशी बदलून देण्याचा नियम झाला. उलटी हजेरीही दर आठवड्याला सुरू झाली. पहिली घेण्याचे काम मी त्याच ऑपरेटरकडे दिले.

शेवटचा ठिपका विझल्यावर तिने पडद्यावरून नजर न हलवता सांगितले, "सगळे गेले, मॅडम. आता तेवढी कबुतरं तपासून घ्या."