बेवारस

आमच्या इमारतीतल्या मालतीकाकूंचं घर तळमजल्यावरच्या बँकेच्या बरोबर वर आहे. लेकीच्या लग्नातून उरलेले पैसे त्यांनी त्याच बँकेत ठेवले आणि पुढे कधी हात लावला नाही. परवा ते काढायला गेल्या, तेव्हा मी सोबत होतो.

“दहा वर्षं व्यवहारच नाही. रक्कम बेवारस ठेवींच्या निधीत गेली,” बँकेतले साहेब म्हणाले. “तुम्हाला खूप शोधलं आम्ही.”

“माझ्या कुंडीचं पाणी तुमच्या पाटीवर गळलं, तेव्हा बरी सापडले!” काकू कडाडल्या.

उधळणाऱ्याला इथे मान असतो. जपणारा गप्प राहिला की मेल्यात जमा. साहेबांच्या त्या गुळगुळीत सभ्यपणाची मला शिसारी आली. अर्ज केला की पैसे परत मिळतात म्हणे.

साहेबांनी मान वर न करताच काकूंकडे ओळखीचा पुरावा मागितला.