तळटीपेतलं नाव

मंडळींनो, आपलं हे फिरतं पत्र वाचून पुढच्याकडं द्या, पण या वेळी शेवटच्यानं ते चुलीत घालावं.

हातमागांवरच्या जुन्या कराचा माझा लेख आज टपालात टाकायचा होता. त्रैमासिकाचा नियम तुम्हाला ठाऊकच आहे. मूळ कागद कुणाच्या घरी पाहिला, ते नाव-गावासकट तळटीपेत हवं. मी तसं लिहिलंही होतं.

टपाल कचेरीच्या खिडकीशी पोचलो, तोच त्या घरची आक्का धापा टाकत आली. "मास्तर, आमचं नाव काढा."

"का गं? तुझ्या आप्पांनीच तर कागद दाखवला."

ती कानाशी कुजबुजली, "तवा घर मोकळं होतं. आता भाऊ माळ्यावर लपलाय. चळवळीपायी पोलीस हुडकत्यात त्याला. नाव छापलं की तुमच्यावानी माणसं कागद बघाय येत्यात न्हवं?"

मागं रांगेत हवालदार उभा होता. मी पाकीट फोडलं, खिडकीवरचा टाक घेतला, नाव खोडलं. पण तळटीप रिकामी कशी ठेवू?

"मास्तर, लई येळ लावताय," हवालदार म्हणाला.

घाईघाईनं लिहिलं, 'मूळ कागद लेखकाच्या संग्रही.' पाकीट पुन्हा चिकटवलं, ते गेलं.

पानाचा आकडा चुकला तरी तुमच्याशी भांडणारा मी, आज धडधडीत खोटा आधार देऊन आलोय. तुम्ही काय लिहिलं असतं?

आणि कुणी मूळ कागदाची चौकशी केली, तर त्याला माझ्याच घरी पाठवा.