साठ मीटरमध्ये सदतीस फ्रॉक

मोबाइलवरून लहान मुलींचे फ्रॉक विकणाऱ्या या बाईला घरचे पाठीमागे ‘चौकशी खातं’ म्हणत. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. दूध घेतानासुद्धा तिची नजर मापावरून हलत नसे. हिशोबही तसाच पक्का. एका फ्रॉकला दीड मीटर कापड, म्हणजे साठ मीटरच्या ताग्यात चाळीस फ्रॉक. त्यात शिलाई, बटणं, पाठवायची पिशवी धरून तिने किंमत ठरवली होती. पण गेले दोन महिने भरत होते सदतीसच, आणि हाती काही उरत नव्हतं.

तीन फ्रॉकचं कापड जातं कुठे? कात्री चालवणारा माणूस एकच, कटिंग मास्टर. पहिल्या दिवसापासून तिच्याकडे असलेला, मान वर न करता काम करणारा. आता त्याची पिशवी तिच्या डोळ्यांत सलायला लागली. सकाळी चपटी असते, संध्याकाळी फुगते कशी?

“मास्टर, पिशवी दाखवा जरा.”

शिवणाऱ्या दोघींनी मशीन थांबवली. मास्टरने पिशवी टेबलावर उलटी केली. डबा, चष्म्याचं घर आणि केरात टाकलेल्या चिंध्या.

“नातीच्या बाहुलीला नेतो,” तो म्हणाला. “विचारलं असतंत तर सांगितलं असतं, ताई.”

दुसऱ्या दिवशी तो आला नाही.

“बघा, कुठेतरी पाणी मुरतंय,” तिने नवऱ्याला ठणकावून सांगितलं.

पुढचा तागा तिने स्वतःच कापायला घेतला. पहिल्याच धुण्यात फ्रॉक आटतो अशा तक्रारी आल्यापासून, म्हणजे दोन महिन्यांपासून, ती कापड आधी भिजवून गच्चीवर वाळवत असे. मास्टरविरुद्ध पुरावा हवा म्हणून तिने कात्री लावण्याआधी ते वाळलेलं कापड मापलं. साडेपंचावन्न मीटर! पुन्हा मापलं, तेवढंच. तिच्याशिवाय आणि पाण्याशिवाय त्याला कोणाचाही हात लागला नव्हता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फ्रॉकची किंमत तिने त्याच दुपारी वाढवली. मास्टरच्या दारात जायला मात्र चार दिवस लागले. ती चुकले म्हणाली, तो बरं म्हणाला आणि कामावर आला.

संध्याकाळी निघताना त्याने पिशवी टेबलावर उलटी केली. डबा आणि चष्म्याचं घर.

“राहू द्या हो, मास्टर.”

“असू दे, ताई.”

तिने चिंध्यांचं गाठोडं पुढे सरकवलं. त्याने ते हळूच बाजूला केलं, डबा उचलला आणि गेला. रोज तसंच.