दोन तळव्यांमधली काठी

नंदा गेल्याचा फोन आला तेव्हा मी शहागंजात गूळ घेत होतो. फोन भाचीचा, रेवाचा. "मामा, आई गेली," एवढंच म्हणाली. गुळाची ढेप काखेत धरूनच मी दवाखान्यात पोचलो... मोठ्या भावाला शोभेल असं त्या दिवशी मला काहीच सुचलं नाही.

नंदा माझी धाकटी बहीण. गारखेड्यात मुलांना तलवारबाजी शिकवायची. मी निवृत्त झालो, पोट सुटलं, तेव्हा तिनं हट्टानं मला आपल्या वर्गात उभं केलं. आजूबाजूला सगळी शाळकरी पोरं. समोरचा चालून आला की मी मागं सरायचोच नाही. पाय रोवून उभा राहायचो आणि छातीवर टोचून घ्यायचो. जाळीच्या मुखवट्याआड कान तापायचे. पोरं हसू दाबताहेत हे त्या जाळीतूनही दिसायचं. पडेगावच्या घरी दसऱ्याला तलवार पुजताना आजोबा आम्हा मुलग्यांना बजावायचे, "पाऊल मागं घ्यायचं नाय." मुलींना कोणी काही बजावलं नाही, त्यांना त्या तलवारीला हातही लावू देत नसत. नंदाचे पाय त्यामुळे मोकळे राहिले. ती हे हसून सांगायची आणि मी शरमेनं बुटाचे बंद बांधत बसायचो.

तिचा एक सराव होता. वेताची काठी दोघांच्या तळव्यांमध्ये टेकवायची, बोटांनी धरायची नाही. नंदा पुढं आली की मी तेवढंच मागं. अंतर चुकलं की काठी पडणार. माझ्या वेळी ती तळव्यात रुतायची, वाकायची आणि उडून कुठल्या कुठं जायची.

"दादा, आधी मागचा पाय उचल. लई सोपंय."

"व्हय, तुला असंल सोपं."

"पळपुटा म्हणत नाय रे कोणी. ये मागं."

आजारपणात ती खुर्चीत बसूनही काठी पुढं सरकवायची. तिला उठवत नव्हतं, आणि तिच्यापुढून मागं सरायचं म्हणजे मला आणखीच लाज वाटायची. "उद्या बघू," म्हणायचो.

तेराव्यानंतर पोरांनी वर्गात तिचा फोटो मांडला. रेवानं कोपऱ्यातली काठी उचलली, माझ्या तळव्याला टेकवली आणि पुढं आली. माझा मागचा पाय आपसूक उचलला गेला. मग पुढचा. ती येत राहिली, मी मागं जात राहिलो, पार भिंतीपर्यंत. काठी पडली नाही.

"मामा, जमलं की!"

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोटोकडं बघवेना. खरंच किती सोपं होतं ते... आणि तिला एकदाही दाखवलं नाही.

काठी आता माझ्या घरी आहे. सकाळी एक टोक भिंतीला लावतो, दुसरं तळव्याला. भिंत काही पुढं येत नाही. मी मात्र मागचा पाय उचलायच्या तयारीत उभा असतो.