पुतळ्याच्या पायाखालचं घोंगडं

"तात्या, हात लावू नका!" मी ओरडलो, पण उशीर झाला होता. तात्यांनी काळं घोंगडं हिसकलं, त्याच्यावर उभा असलेला पुतळा तोंडावर आपटला आणि पायातली लाकडी पट्टी कडकन मोडली.

नव्वदच्या दशकात मी बारामतीच्या एका ट्रॅव्हल ऑफिसात टूर मॅनेजर होतो. खोल्या, जेवण, तिकिटं आणि दर वेळी बसमध्ये चढताना हेडकाउंट, म्हणजे डोकी मोजणं, हे माझं काम. सणसर-कन्हेरीकडची मंडळी घेऊन हिमाचलात गेलो होतो. पुढच्या रस्त्यावर दरड कोसळली, म्हणून वेळ काढायला त्यांना बर्फावरच्या खेळांच्या संग्रहालयात नेलं. शहाणपणा माझाच!

पायाला लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत जायचं, याला स्कीइंग म्हणतात, असं मी समजावलं. कन्हेरीचे तात्या म्हणाले, "हातपाय मोडून घ्यायला येवढ्या लांब येत्यात व्हय?" सगळे हसले. तात्या सत्तरीचे. तरुणपणी मेंढरं घेऊन रानोमाळ फिरलेले, आता घरची शेती बघायचे.

शेवटच्या दालनात त्या खोऱ्यातल्या पहिल्या स्कीपटूचा पुतळा होता. पायात जाड बूट, बुटाखाली स्कीच्या पट्ट्या. पाटी होती, 'अखंड देवदारातून कोरलेली मूळ जोडी'. सगळ्याच्या खाली हाताने विणलेलं काळं घोंगडं अंथरलेलं. मी पुतळा बघत होतो. तात्या घोंगडं बघत होते.

आवाज ऐकून क्युरेटर धावत आला. क्युरेटर म्हणजे तिथल्या वस्तू सांभाळणारा अधिकारी. "पोलिसांना बोलावतो," तो हिंदीत कडाडला. "हा माणूस इथून हलणार नाही."

निघताना साहेबांनी बजावलं होतं, "एक तक्रार आली, तर परत ऑफिसात येऊ नकोस." नोकरी जाईल तर जाईल, पण तात्यांना परमुलखात चौकीत सोडून कन्हेरीत कुठल्या तोंडानं जाऊ?

"तात्या, काय केलंत हे?"

"अवं, घोंगडं हाय ते! देव बसवतो आमी त्येच्यावर. आन् हितं बाहुलं बुटासकट हुबं केलंय!" त्यांनी मोडक्या पट्टीकडे बघितलं. "पट्टी मोडायची न्हवती मला. पर वडलं म्याच. न्हाय म्हननार न्हाय. कुठं न्यायचं तितं न्या."

मी तुकडे उचलायला वाकलो आणि गारच पडलो. मोडलेल्या कडेला पातळ, ताजे थर एकावर एक चिकटवलेले दिसत होते. चक्क प्लायवूड! अखंड देवदार कुठला न् काय! मी तुकडा क्युरेटरपुढे धरला. त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने आधी दार लावून घेतलं.

"खरी जोडी वाळवीने खाल्ली," तो पुटपुटला. "तपासणी तोंडावर आली होती. सुताराकडून ही करून घेतली, रंग मीच दिला." मग हात जोडून म्हणाला, "तुम्ही बोलू नका, मी पोलिसांना बोलावत नाही."

मी लगेच हो म्हटलं. तत्त्वाचा विचार मनात आलासुद्धा नाही, हे कबूल करतो. तात्यांना सगळं सांगून म्हणालो, "सुटलो, चला."

तात्या हलेनात. घोंगडं त्यांनी छातीशी धरलं होतं.

"फळी खोटी निघाली न्हवं?"

"हो."

त्यांनी घोंगड्याची कड बोटांत चोळली. "ह्ये खरं हाय. खरं पायाखाली आन् खोटं वर, आसली कसली मांडामांड? त्येला सांगा, ह्ये वर ठिवल्याबिगर म्या न्हाय जानार."

मी शब्द न् शब्द हिंदीत सांगितला. क्युरेटरने देवदाराची पाटी काढून खिशात घातली, एक काचेचं कपाट रिकामं केलं आणि घोंगडं स्वतः घडी घालून आत ठेवलं. तात्यांनी कनवटीचा भंडारा, म्हणजे हळद, काढून चिमूटभर त्यावर टाकला. क्युरेटर 'हात लावू नका' म्हणाला नाही.

तक्रार आली नाही, नोकरी राहिली. पुढे प्रत्येक सहलीत 'वस्तूंना हात लावू नये' हे सांगण्याआधी मी मंडळींना एक विचारायला लागलो, तुमच्याकडे कशावर पाय देत नाहीत? मग दालनात त्यांच्याआधी मी शिरायचो, खाली बघत.