आयुबसरांच्या गेटावर थांबलेली गाडी

दर साली बारावीचा निकाल लागला की आमच्या गावात दोन माणसं हमखास येतात. एक फ्लेक्सवाला आणि दुसरा आयुब. फ्लेक्सवाल्याला चहा मिळतो, आयुबला पाणी. तेही तो मागेल तेव्हा.

फ्लेक्स लागतो तो पुण्याला निघालेल्या पोरांचा. गळ्यात हार, डोळ्यांवर गॉगल, मागं कसलीशी काचेची इमारत, खाली आख्ख्या भावकीची नावं. आमच्या गावाचा माळ ओलांडला की लोहारा-तुळजापूर रस्त्याला विद्यापीठ आहे. तिथं नाव घातलेल्या पोराचा फ्लेक्स मी अजून बघितला नाही. एकाचा लागला होता मागं, नाही असं नाही. पण तो त्याची बैलजोडी शंकरपटात पहिली आली म्हणून.

आयुब त्या विद्यापीठात माती आणि पाणी हा विषय शिकवतो. त्याचा बाप हाफिज कापूस पिंजून गाद्या भरायचा. मी आणि हाफिज गावच्या शाळेत एका गोणपाटावर बसलो, सातवीला एकदम नापास झालो आणि एकदमच शाळा सोडली. इतकी दोस्ती आता कुठं राहिली? आयुब मात्र शिकला, पार पुण्याला जाऊन शिकला, आणि परत आला. परत आलेला गावातला तो एकटाच. त्याची आई जमिलाबी अजून त्याला ऐकवते, "लोकांची पोरं पुण्याहून पैसे पाठवतात. आमच्यानं सोताच सोताला पाठवून दिलं."

तर हा आयुब भर उन्हात मोटारसायकलवर गावं पालथी घालतो. आमच्या विद्यापीठात या म्हणून घरोघर सांगत फिरतो. मी मागं बसतो. मेंढरं माझा पोरगा भागवत बघतो, आणि मला चार माणसांत बोलायला मिळतं. आयुब म्हणतो, "काका, तुम्ही असलात की लोक दार तरी उघडतात." दार उघडतात हे खरं. पुढचं दर वर्षी तेच.

एका गावी एक बाप ओसरीवर तंबाखू मळत होता. त्यानं विचारलं, "सर, फी किती म्हणायची?"

"पुण्याच्या मानानं पाव बी न्हाय."

"एवढी कमी?" त्यानं तंबाखू झटकली. "मग कायतरी खोट असल."

दुसऱ्या घरी बाई म्हणाली, "सोयरीक जमवताना पोरगा पुण्याला असतो म्हणलं की पाव्हणे सावरून बसतात. माळावर असतो म्हणलं तर त्यांना वाटतंय मेंढरं राखतो."

मी मेंढरंच राखतो. पण तिनं चहा ठेवला होता, मी तो प्यायलो.

पोरं तर आणखी सरळ. "सर, तुमच्याकडं कंपन्या येतात का?" आयुब खरं सांगतो, कमी येतात. "शिकवायला सगळे सर हायेत का?" तो म्हणतो, नाहीत, काही जागा मोकळ्या आहेत, त्यांचे तासही मीच घेतो. मी मागून त्याच्या सदऱ्याला हिसका देतो. अरे, बाजारात मेंढी विकायला नेली तर तिचा लंगडा पाय आधी दाखवायचा असतो का? पण हा हाफिजचा पोरगा. हाफिजनं जुना कापूस कधी नवा म्हणून भरला नाही, आणि म्हणूनच शेवटपर्यंत सायकलवर फिरला.

पोरींच्या घरी अडायचं ते गाडीवर. एसटीची जलद गाडी विद्यापीठाच्या गेटावर थांबायची नाही. पुढं लांब फाट्यावर उतरायचं आणि भरधाव ट्रकांच्या कडेनं मागं चालत यायचं. कुठला बाप पोरीला पाठवंल? आयुब थांबा मागून मागून थकला. एसटीवाले त्याला विचारायचे, "तिथं उतरतंय कोण?" तो म्हणायचा, "थांबली तर उतरतील." ते म्हणायचे, "उतरायला लागले की थांबवू." मी जन्मभर मेंढरं वळली, पण असं गोल गोल फिरणारं मेंढरू मला कधी भेटलं नाही.

आता थांब्याचं काय झालं ते सांगतो. ते सांगताना मला अजून हसू येतं.

गेल्या थंडीत माझी मेंढरं गेटासमोरच्या लिंबाखाली बसली होती. एक म्हातारी मेंढी अडली. पोटात कोकरू आडवं. मी हात टेकले आणि बिरोबाला म्हणालो, आता तूच बघ. तासाभरात जुळी झाली, दोन्ही जिवंत. आमच्यात रीत आहे, देव जिथं धावून आला तिथं दगड मांडायचा. मी दगड मांडला, हळदीचा भंडारा उधळला, काठीला पिवळं फडकं बांधलं आणि मेंढरं घेऊन घरी आलो. विसरूनसुद्धा गेलो.

पण गाडीवाले विसरले नाहीत. आपल्याकडं भंडारा दिसला आणि डायवरचा पाय ब्रेकवर गेला नाही असं होत नाही. आमच्या ओळखीचा सिद्धाराम त्या गाडीवर असतो. त्यानं पहिल्यांदा गाडी थांबवली, हात जोडले. मागून येणाऱ्यानं सिद्धारामला थांबलेलं बघितलं, तोही थांबला. मग कुणी नारळ ठेवला, कुणी लिंबू. येरमाळ्याकडच्या एका बाईनं तर येडाई देवीच इथं येऊन बसली म्हणून खणानारळानं ओटी भरली. मी तिला सांगितलं, बाई, हा बाप्या देव हाय. ती म्हणाली, तुम्हाला काय कळतंय! महिन्याभरात प्रवासी कंडक्टरला म्हणायला लागले, "गेटावरच्या देवाजवळ उतरायचंय."

आयुबनं हे बघितलं आणि डोक्याला हात लावला.

"काका, मी विज्ञान शिकवतो. माझ्या गेटावर देव मांडलात?"

"तुझ्या गेटावर न्हाय रं. माझ्या मेंढीच्या बाळंतपणाच्या जागी. गेट तिथं हाय त्याला मी काय करू?"

"लोक म्हणतील मास्तरनं थांब्यासाठी देव आणला."

"मग पुसून टाकू का?"

रस्त्यावर गाडी थांबली होती आणि एक पोरगी पाठीवरची पिशवी सावरत गेटातनं आत चालली होती. आयुब तिच्याकडं बघत राहिला. "असू द्या," म्हणाला. त्या दिवशी तो किती तरी दिवसांनी हसला.

हसू टिकलं नाही. या उन्हाळ्यात वरून सांगणं आलं, यंदा वर्ग भरला नाही तर विभाग बंद. आयुबला दुसरीकडं टाकणार, आणि जी पोरं शिकतायत ती वाऱ्यावर. आम्ही पुन्हा गावं फिरलो. वर्ग भरत आला, पण शेवटच्या दोन जागा भरेनात. लोहाऱ्याच्या वसीम टेलरची पोरगी अलिजा हुशार, पण वसीम म्हणाला, "सोबत असली तर धाडतो. एकटी न्हाय." आयुब मान हलवत बाहेर पडला. मग मीच छाती ठोकून बोललो, "माझी नात सृष्टी येती की तुझ्या वर्गात! लाव तिचं नाव. वसीमला बी सांग."

सृष्टी म्हणजे भागवतची थोरली. बारावीच्या निकालानं तालुक्यात तिचं नाव झालं होतं. घरी येऊन मी मोठ्या झोकात सांगितलं, तर माझी कारभारीण सिताबाई भाकरी थापायची थांबली.

"पोरीला इच्यारलं व्हतं का?"

"त्यात काय इच्यारायचं? आयुब घरचा हाय."

"घरचा हाय म्हणूनच ती नगं म्हणंल," सिताबाई म्हणाली आणि पुन्हा भाकरी थापायला लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आयुब आला. सृष्टीनं त्याला पाणी दिलं आणि समोर उभी राहिली. पोरगी घाबरत नाही, माझ्यावर गेलीय.

"सर, एक इच्यारू? तुमची तहरीम कुठं शिकते?"

तहरीम आयुबची एकुलती एक. मी खोकलो, विषय बदलावा म्हणून. आयुबनं तांब्या खाली ठेवला.

"पुण्याला."

"मग?"

"मग काय न्हाय. मी तिला आपलं विद्यापीठ दाखवलं, सगळं समजावलं. तरी ती गेली."

"तुमचं शिकवणं चांगलं हाय, सर. सगळे सांगतात. पण मला नुसतं शिकायचं न्हाय. मला इथून निघायचंय. मी दुकानात गेले तरी धुळाप्पाची नात आली म्हणतात. गाडीत बसले तर कंडक्टर आबांचा निरोप देतो. मला असं कुठंतरी राहायचंय जिथं मला कुणी ओळखत न्हाय."

मला राग आला. म्हणजे काय, मला ओळखतात हा माझा गुन्हा? आख्खा तालुका ओळखतो मला! मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात आयुबनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"तहरीम बी हेच म्हणली व्हती," तो हळू म्हणाला. "मला बी विशीत हेच वाटायचं." मग सृष्टीला म्हणाला, "जा तू. पुण्यात कुठं राहायचं, काय बघायचं, तहरीमला इच्यार. तिचा नंबर देतो."

"आरं पण तुझा वर्ग?" मी म्हणालो. "माझा शबुद?"

"तुमच्या शब्दावर तिनं कसं शिकायचं, काका?"

तो मोटारसायकलला किक मारत होता तेव्हा मी फाटकाशी उभा होतो. गाडी दोनदा चालू होता होता बंद पडली. तो तसाच सीटवर बसून राहिला, हँडलवर हात ठेवून, आणि म्हणाला, "काका, फिरायचा कंटाळा न्हाय आला. पोरांचं खरं असतंय, त्याचा कंटाळा आलाय."

पुढं मला जेवण गोड लागेना. वसीमला जाऊन काय सांगायचं? शेवटी गेलो. मशीनवर बसलेल्या वसीमला म्हणालो, "बाबा, माझी नात काय येत न्हाय. सोबत तुटली."

वसीमनं शिलाई थांबवली. "गाडी गेटावर थांबती म्हणतात, खरं का?"

"थांबती की. दारात उतरायचं."

"रोज थांबती?"

"देव रोज हाय तर गाडी रोज हाय."

त्यानं आत बघून बायकोला काहीतरी विचारलं. आतून आवाज आला, तो मला नीट कळला नाही. वसीम म्हणाला, "बघतो." आमच्याकडं 'बघतो' म्हणजे बहुतेक 'नाही'च असतं. तेवढं घेऊन मी घरी आलो. आयुबला सांगितलंच नाही. कशाला उगाच?

सृष्टीचा निघायचा दिवस आला. पूर्वी पुण्याला जायचं म्हणजे जीपनं लोहाऱ्याला जाऊन गाडी धरावी लागायची. आता पोरं माळ ओलांडून गेटावरच गाडीला उभी राहतात. हे मी कधी ध्यानातच घेतलं नव्हतं. आयुबनं सालोसाल मागितलेल्या थांब्यावर त्या सकाळी तीन-चार पोरं बॅगा घेऊन उभी, सगळी पुण्याला निघालेली. त्यांच्यात माझी नात. सिताबाईनं तिला दगडाच्या पाया पडायला लावलं, कपाळाला भंडारा लावला.

आयुब गेटातनं आला. पोरांनी त्याला बघून माना खाली घातल्या. त्यानं सृष्टीची जड बॅग उचलली.

"सर, राहू द्या."

"तुला खांद्याला लागल."

गाडी आली. सिद्धारामनं थांबवली, हात जोडले. दार उघडलं. पोरं चढायला धावली तर कंडक्टर आतून ओरडला, "आधी उतरू द्या की रं! काय आग लागली का पुण्याला?"

दारातून एक भलीमोठी पिशवी आली, तिच्यामागं वसीमची बायको, आणि तिच्यामागं अलिजा. डोक्यावर ओढणी, हातात डबा. ती खाली उतरली तेव्हा सृष्टी पायरीवर पाय टाकत होती. दोघी एकमेकींना ओळखत नव्हत्या, तरी सृष्टी थोडी बाजूला सरकली आणि अलिजानं तिच्या बॅगेला मागून हात लावला, वर जायला.

आयुब बॅग देऊन वळला आणि समोर अलिजाला बघून नुसता उभा राहिला. मग माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "सोबत तुटली, पण गाडी थांबती हाय, असं वसीमला सांगितलं व्हतं मी." वर्ग अजून एकीनं कमीच होता. पण एका जागेसाठी विभाग बंद करताना वरच्यांनाही लाज वाटली असावी. वर्षापुरतं भागलं.

गाडी हलली. खिडकीतून सृष्टीचा हात दिसत होता. सिताबाईनं पदर तोंडाला लावला. अलिजा डबा छातीशी धरून त्या गाडीकडंच बघत होती, ती वळणावर दिसेनाशी होईपर्यंत.

"सर," तिनं विचारलं, "हीच गाडी पुण्याला जाती का?"

"जाती," आयुब म्हणाला. त्यानं तिच्या आईच्या हातातली पिशवी घेतली. "पण आता इथं थांबती. चला, तास सुरू व्हायचाय."